देवगिरीची मिठाची पोती

देवगिरीचा किल्ला पाहून परत आलेल्या मनुष्यास 'काय पाहिले?' असे विचारावे, तर तो खंदक, अंधारी, मेंढा तोफ आणि चाँदमिनार यांची नावे घेतो. आणि 'असा किल्ला पडला कसा?' असे विचारावे, तर तो मिठाची पोती सांगतो. ही कथा महाराष्ट्रात कोणास ठाऊक नाही? अल्लाउद्दीन अकस्मात चालून आला, रामदेवरायाने किल्ल्याचा आश्रय केला, वेढा पडला. आणि कोठारात धान्य म्हणून रचलेली पोती सोडून पाहतात तो आत मीठ! सांगणारा अंमळ रसिक असला म्हणजे पोती बदलणारा एखादा फितूर कारभारीही कथेत येतो, आणि ऐकणारा सुस्कारा टाकून म्हणतो, 'घरभेदी नसता तर देवगिरी पडती ना.' महाविद्यालयात इतिहास व वाङ्मय या दोहोंच्या सीमेवर अध्यापन करीत असता हा सुस्कारा प्रस्तुत लेखकाने इतक्या वेळा ऐकला आहे की, त्या कथेची एकदा नीट झडती घ्यावी असे मनाने घेतले. दंतकथेची झडती घेणे म्हणजे तिला खोटी ठरवून केराच्या टोपलीत टाकणे नव्हे. ती कोणी, केव्हा आणि कोणत्या गरजेपोटी सांगितली हे पाहणे, हाही समीक्षेचाच विषय आहे.

झडतीस आरंभ झाला तो मात्र ग्रंथालयात नव्हे, तर पिंपळगाव रेणुकाईच्या मिरचीच्या बाजारात. भोकरदन तालुक्यातील हे आमचे गाव रेणुकेच्या देवळासाठी जसे, तसेच मिरचीसाठीही पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. हंगामात पोत्यांच्या थप्प्या लागलेल्या असतात, आणि नाकाला रुमाल लावल्यावाचून उभे राहता येत नाही. अशाच एका थप्पीच्या सावलीस बसलेल्या वृद्ध हमालापाशी देवगिरीची गोष्ट निघाली. त्याने ती पुरी ऐकून घेतली आणि म्हणाला, "सर, मिठाचं पोतं डोळ्याला नाही कळलं तरी पाठीला कळतं. ते ज्वारीपेक्षा कितीतरी जड असतं. अन् दमट हवेत पाझरतं. किल्ल्यावर पोती वाहणारे काय पहिल्यांदाच पोतं उचलत होते काय?" या प्रश्नास आमच्या पदवीने उत्तर दिले नाही. डोंगराच्या माथ्यापर्यंत शेकडो पोती पाठीवरून वाहिली गेली, आणि वाहणाऱ्यांपैकी एकासही शंका आली नाही, असे मानल्याखेरीज ही कथा उभीच राहत नाही. म्हणजे जो वर्ग पोते उचलतो, त्याला अक्कल नाही असे गृहीत धरणाऱ्या वर्गात ती जन्मली असली पाहिजे.

आता ग्रंथांकडे वळू. देवगिरीवरील स्वारी १२९६ सालची. तिचा वृत्तांत देणाऱ्यांत झियाउद्दीन बरनी हा काळाने त्यातल्या त्यात जवळचा. त्याने आपला इतिहास १३५७च्या सुमारास संपविला. त्याच्या त्रोटक हकिकतीत पोत्यांचे नाव नाही. पोती येतात ती फिरिस्त्याच्या ग्रंथात. आणि फिरिस्ता म्हणजे विजापूरच्या दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या आश्रयास राहून सतराव्या शतकाच्या आरंभी लिहिणारा इतिहासकार. घटना आणि लेखन यांत तीनशे वर्षांचे अंतर पडले. त्यातही मौजेची गोष्ट ही की, फिरिस्त्याच्या कथेत फितुरी मुळीच नाही. कोकणातून मीठ घेऊन आलेले व्यापारी शत्रू आला हे पाहून आपला माल टाकून पळाले, आणि राजाच्या लोकांनी घाईगर्दीत ती पोती धान्याची समजून किल्ल्यात नेली, एवढेच तो सांगतो. त्याच्या लेखी हा अपघात होता. अपघाताचा कट केला तो आपण, त्यानंतरच्या शतकांत. आणि ज्या कोणी तो केला त्याने आपल्या मनाच्या गरजेप्रमाणे केला. अपघातात कोणी दोषी सापडत नाही. फितुरीत एक दोषी सापडतो, आणि एक सापडला म्हणजे बाकीचे सगळे सुटतात.

पण ही कथा मुळात लागली कशासाठी? आमच्या मते याचे उत्तर आजच्या किल्ल्याच्या रूपातच आहे. भोवतालच्या पठारापासून सुटी, सुमारे सहाशे फूट उंचीची ती शंकूसारखी टेकडी. तिचा खालचा भाग सभोवार तासून केलेला उभा कडा. पायथ्याशी खडकात खोदलेला खंदक. त्यावरून आत नेणारी एकच वाट आणि पुढे काळोखाची ती वळणावळणाची अंधारी. हे पाहणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न उठतो तो हाच की, हे अजिंक्य स्थळ जिंकले कोणी आणि कसे? परंतु यादवांच्या काळी हे सर्व असेच होते असे धरून चालण्यास आधार नाही. आज दिसणारे तट, दरवाजे व बुरूज यांचा पुष्कळ भाग तुघलक, बहमनी आणि निजामशाही अमदानीतला आहे, असे अभ्यासक मानतात. दोनशे फुटांहून उंच असा तो चाँदमिनारसुद्धा पंधराव्या शतकातला, बहमनी सुलतान अल्लाउद्दीन अहमदशहाच्या वेळचा. फिरिस्त्याच्या काळी दौलताबादेचे हे सारे वैभव उभे राहिले होते. त्याच्या मनात जो प्रश्न आला असेल तोच आपल्या मनात येतो, आणि तो प्रश्नच चुकीचा आहे. पंधराव्या शतकातील तट पाहून तेराव्या शतकातील पराभवाचे आश्चर्य करावयाचे, आणि त्या आश्चर्यातून पळवाट म्हणून मिठाची पोती शोधावयाची, असा हा प्रकार आहे.

वास्तविक त्या स्वारीची हकिकत पोत्यांवाचूनही पुरेशी स्पष्ट आहे, आणि पुरेशी लाजिरवाणीही. कड्याचा सुभेदार असलेला अल्लाउद्दीन काही हजार घोडेस्वारांनिशी विंध्य आणि सातपुडा ओलांडून खाली उतरतो. आपण चुलत्यावर रुसून राजमहेंद्रीच्या राजाकडे चाकरीस चाललो आहो, अशी हूल तो वाटेत उठवितो, आणि ती खपते. देवगिरीचे मुख्य सैन्य त्या वेळी युवराज शंकरदेवाबरोबर दूर गेलेले असते. एवढे मोठे राज्य. त्याची कीर्ती गुजरात-माळव्यापासून कर्नाटकापर्यंत. आणि शत्रू राजधानीच्या उंबरठ्यावर येईपर्यंत राजास त्याचा पत्ता नाही! पुढे शंकरदेव परत येऊन लढला, तेव्हाही एका हजारी तुकडीने उडविलेला धुरळा म्हणजे दिल्लीहून येणारे मोठे लष्कर होय अशा समजुतीने यादवसैन्याचा धीर सुटला, असे फिरिस्ताच लिहितो. सहाशे मण सोने खंडणीत गेले हा त्याचा आकडा अतिशयोक्तीचा असेल. पण हेरखाते नव्हते आणि सीमेवर जाग नव्हती, हा त्याच्या कथेचा गाभा अतिशयोक्तीचा नाही.

शिवाय देवगिरी १२९६ साली 'पडली' हे म्हणणेही अर्धेच खरे. त्या वर्षी ती लुटली गेली. खंडणी थकली म्हणून १३०७-०८मध्ये मलिक काफूर आला, रामदेवरायास दिल्लीस घेऊन गेला. तेथे त्याचा सन्मान होऊन 'रायरायान' ही पदवी त्यास मिळाली आणि त्याचे राज्य त्यास परत देण्यात आले. यानंतर काफूर वरंगळवर आणि पुढच्या वर्षी द्वारसमुद्रावर गेला, तेव्हा त्याच्या फौजेची बरदास्त देवगिरीने ठेविली. रामदेवाच्या मागून शंकरदेवाने मांडलिकी झुगारली आणि १३१३च्या सुमारास तो मारला गेला. १३१८ साली जावई हरपालदेवाने पुन्हा उठाव केला, तेव्हा त्यास ज्या क्रूरपणे मारण्यात आले ते येथे लिहावयाचे कारण नाही. त्याच वर्षी जुन्या देवळांचे खांब वापरून किल्ल्यात मशीद उभी राहिली. त्याच खांबांमध्ये, हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यावर, १९४८ साली भारतमातेची स्थापना झाली. सारांश, यादवांचे राज्य बावीस वर्षे पडत होते, आणि त्या बावीस वर्षांत नमणे, निभावणे, शेजाऱ्याच्या नाशास हातभार लावणे, आणि अखेरीस एकट्यानेच उठून मरणे, असे सर्व काही झाले. ही खरी शोकांतिका. मिठाच्या पोत्यांनी तिचा एका रात्रीचा फार्स करून टाकला आहे.

रामदेव स्वतः गादीवर कसा आला, याची आठवण तरी कथा सांगणाऱ्यांनी ठेवावयास हवी होती. १२७१ साली त्याने आपला चुलतभाऊ आम्मणदेव याच्याकडून राज्य हिसकाविले. महानुभाव परंपरा सांगते की, आम्मण नृत्यनाट्याचा शौकी, म्हणून रामदेव नटांच्या मेळाचा नायक होऊन किल्ल्यात शिरला, आणि भर खेळात त्याने राजास धरले. ही कथा अक्षरशः खरी असो वा नसो, ती देवगिरीविषयी एक मार्मिक गोष्ट सांगून जाते: कडा तासला तरी दरवाजा राहतोच, आणि दरवाजा उघडणारे आतलेच असतात. मिठाच्या कथेतला फितूर काल्पनिक आहे. या कथेतला फितूर स्वतः राजा आहे. परंतु लोकांच्या तोंडी पहिलीच राहिली.

फितुरीचा शोध करणाऱ्यांची दृष्टी शेवटी बहुधा हेमाद्रीवर जाऊन ठरते. हा बिचारा करणाधिप विलक्षण नशिबाचा मनुष्य दिसतो. महादेव आणि रामदेव या दोन राजांची सेवा त्याने केली. 'चतुर्वर्गचिंतामणी'सारखा अवाढव्य ग्रंथ रचला. बोपदेवासारख्या वैयाकरणास आश्रय दिला. त्याचे फळ म्हणून लोककथेने त्याच्या पदरात जे काही टाकले ते पाहून हसू येते. मोडी लिपी त्याने लंकेहून आणली, बाजरीही त्यानेच आणली, आणि महाराष्ट्रातील चुन्यावाचून बांधलेले प्रत्येक दगडी देऊळ त्यानेच एका रात्रीत उभे केले! आमच्याच तालुक्यातील अन्व्याचे सुंदर कोरीव देऊळ बाराव्या शतकाच्या सुमाराचे, म्हणजे हेमाद्रीच्या कारकिर्दीपूर्वीचे. पण गावात कोणासही विचारा, ते 'हेमाडपंती'च आहे. आणि याच्या उलट बाजूस, व्रतवैकल्यांचा बाजार मांडून त्याने राष्ट्र निःसत्त्व केले असा आरोप काही विद्वानांनी त्याच्यावर केला, आणि महानुभाव परंपरेने त्यास आपला छळकर्ता म्हणून स्मरणात ठेविले. शेवटची गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे, कारण ती ज्यांनी सोसले त्यांची आहे. बाकीच्या दोन्ही, स्तुती काय आणि निंदा काय, एकाच आळसाच्या लेकी आहेत. एका युगाचे सर्व काही एका माणसाच्या अंगावर घातले म्हणजे त्या युगाचा अभ्यास करावा लागत नाही.

येथवर दंतकथांविषयी कठोर लिहिले. पण सर्वच दंतकथा पळपुट्या नसतात. महंमद तुघलकाने १३२७ साली राजधानी देवगिरीस आणून तिचे दौलताबाद केले, त्या वेळच्या सक्तीच्या स्थलांतराविषयी इब्न बतूता एक कथा सांगतो. दिल्लीत मागे राहिलेल्या एका आंधळ्यास सुलतानाच्या हुकमावरून चाळीस दिवसांच्या वाटेने फरफटत नेले, आणि दौलताबादेस पोहोचला तो त्याचा केवळ पाय. इब्न बतूता दिल्लीस आला तो १३३४ साली. म्हणजे ही त्याने ऐकलेली गोष्ट, आणि तिच्यावर ऐकीव गोष्टीची छाप स्पष्ट आहे. (याच प्रवाशाने देवगिरीच्या तळघरातील उंदीर मांजरांपेक्षा मोठे असून मांजरेच त्यांना भिऊन पळतात असे लिहिले आहे, तेव्हा त्याच्या मोजमापाचा अंदाज वाचकांस येईल.) तथापि ही कथा ज्याचा दोष त्याच्याच पदरात घालते. ती आंधळ्याच्या बाजूने बोलते. दंतकथेस नीती असू शकते ती अशी.

आणि हिच्याच शेजारी एक साक्ष ठेवून पाहावी. इसामी नावाच्या कवीचे कुटुंब त्याच स्थलांतरात दिल्लीहून काढले गेले. त्याचे आजोबा नव्वद वर्षांचे होते. ते पहिल्याच मुक्कामी, तिलपतास, वारले. तेथेच त्यांना मूठमाती देऊन नातू पुढे निघाला. या नातवाने आपले पुढील आयुष्य दौलताबादेत काढले, आणि नव्या बहमनी सुलतानाच्या आश्रयास राहून, १३५०मध्ये, 'फुतूह-उस्-सलातीन' हे सुमारे बारा हजार पद्यांचे फारसी इतिहासकाव्य पुरे केले. आंधळ्याच्या पायाने अंगावर शहारा येतो. तिलपतच्या त्या म्हाताऱ्याने घसा दाटतो. दोहोंतला फरक वाङ्मयाच्या विद्यार्थ्यास एका तासात जितका शिकवील तितका दहा टीकाग्रंथ शिकविणार नाहीत.

या इसामीकडे मराठी वाचकाने वळावे यास याहूनही मोठे कारण आहे. अल्लाउद्दीन देवगिरीकडे येत असता वाटेत घाटी लाजौरा येथे कान्हा नावाच्या यादव सरदाराने त्यास अडविले, हे तो नमूद करतो. काही अभ्यासक हे ठिकाण आजच्या लासूरकडे शोधतात. कान्हाबरोबर दोन स्त्रिया होत्या. त्या रणात वाघिणींसारख्या तुटून पडल्या, आणि पहिल्या धडकेस तुर्कांची फळी मागे रेटली गेली. पुढे कान्हाचा पराभव झाला. शत्रुपक्षाच्या सुलतानांचे यश गाण्यास बसलेला, स्वतः त्या सुलतानांच्या धोरणाने घरदार गमावलेला, देवगिरीच्याच आसमंतात राहणारा हा कवी त्या दोन अनामिक बायांच्या शौर्यापाशी क्षणभर थांबतो. स्वारीस अर्धशतक लोटल्यावर ही आठवण त्याच्या कानी पडावी यावरून, ती त्या काळी या मुलखात जिवंत असली पाहिजे, असा आमचा तर्क आहे.

मग ती मेली कशी? ज्या मराठी मनाने मिठाची पोती सातशे वर्षांच्या अंतरावरही जपली, त्याने कान्हा का टाकला? आमच्या ऐतिहासिक कादंबरीने आणि नाटकाने शिवकालाच्या प्रत्येक दऱ्याखोऱ्यात वस्ती केली; यादवकालाकडे त्या मानाने फारच थोडे लोक गेले, आणि जे गेले त्यांतील बहुतेकांस विलासी राजा, कारस्थानी मंत्री आणि भोळी राजकन्या एवढ्याच सामग्रीची भूल पडली. एक कारण उघड आहे. कान्हाची कथा स्वीकारली म्हणजे वाटेवर लढण्याजोगे ठिकाण होते, लढणारे होते, आणि त्यांस कुमक मात्र नव्हती, हेही स्वीकारावे लागते. आणि मग पुढचा प्रश्न राजवाड्याकडे जातो. मिठाच्या पोत्यांचा प्रश्न कोठारापाशीच संपतो.

असे म्हणावे की, पराभूत समाजास थोडा दिलासा हवाच असतो. तो हिरावून घेणारे आपण कोण? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. परंतु दिलासा देणाऱ्या कथाही दोन जातींच्या असतात, हे याच किल्ल्यावर दिसते. निजामशाहीत देवगिरीचे किल्लेदार म्हणून ज्यांची आठवण परंपरेने ठेविली ते जनार्दनस्वामी, आणि त्यांच्याकडे सेवेस राहिलेले पैठणचे एकनाथ, यांच्या गोष्टी घ्या. स्वामी समाधीत असता शत्रू आला, तेव्हा गुरूची समाधी न मोडता नाथांनी त्यांचेच चिलखत चढवून किल्ला राखला. हिशेबातील एका पैची चूक सापडेना म्हणून रात्र जागवली, आणि ती सापडताच आनंदाने टाळी पिटली. किल्ला परसत्तेचा, राजा परधर्माचा, आणि तरीही येथे रडगाणे नाही. पै आणि पहारा हीच साधना, असे ही कथा म्हणते. राज्य गेलेल्या समाजास तिने जो दिलासा दिला तो कामाचा दिला. आणि सिंदखेडच्या लखुजी जाधवांना त्यांच्या मुलांनातवासह १६२९मध्ये याच किल्ल्यावर, निजामशहाच्या दरबारात, दगा देऊन मारले गेले, ती हकिकत आमच्या भागात आजही सांगतात ती कोणत्याही पोत्यावाचून सांगतात. दगा कोणी दिला, कोठे दिला आणि जिजाबाईच्या माहेरावर काय गुदरले, सगळे सरळ. म्हणजे नागवी आठवण सोसण्याची शक्ती या मुलखात नाही असे नव्हे.

रामदेवरायाच्याच दरबारी घडलेली म्हणून आणखी एक कथा महानुभाव सांगतात. कवी नरेंद्राच्या 'रुक्मिणीस्वयंवरा'वर लुब्ध होऊन राजाने, सुवर्णाच्या मोबदल्यात ते काव्य आपल्या नावावर करून मागितले, आणि नरेंद्राने ते नाकारले. ही कथा आम्हांस फार प्रिय आहे, आणि आमच्या कथाकारांनी ती टेबलासमोर लावून ठेवावी असे वाटते. राजाच्या सोयीचे नाव आपल्या ओवीवर घालू न देणारा कवी त्या काळी देवगिरीस होता. पराभवाची सोयीची हकिकत खपवून न घेणारा कादंबरीकार देवगिरीस अजून मिळावयाचा आहे. त्याने इसामीपासून आरंभ करावा. आगा महदी हुसेन यांचे इंग्रजी भाषांतर उपलब्ध आहे, आणि फारसीची भीती बाळगण्याचे कारण नाही.

गेल्या हंगामात पुन्हा मिरचीच्या बाजारात जाणे झाले. तोच हमाल तेथे होता. मागच्या प्रश्नाची उतराई म्हणून त्यास घाटी लाजौऱ्याची हकिकत सांगितली; कान्हा, त्या दोघी, पहिली धडक, सारे. पोत्याला टेकून त्याने ती ऐकली, आणि मग विचारले, "त्या दोघींची नावं काय होती, सर?" ती कोणी लिहून ठेविली नाहीत, असे सांगावे लागले.